माथेरान कोणासाठी? हातरिक्षाबंदीमागची पावणेदोनशे वर्षे

माथेरानमध्ये माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात आणि त्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ही प्रथा अमानुष ठरवली, तेव्हा या निर्णयाकडे प्रामुख्याने श्रमिकांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु एकविसाव्या शतकात, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, पुढे एक आणि मागे दोन माणसे लावून दुसऱ्याच माणसाला चढावर न्यावे लागे, ही परिस्थिती मुळात का टिकून राहिली, याचे उत्तर केवळ गरिबीत सापडत नाही. ते या गावाच्या घडणीत सापडते. बहुतेक ठिकाणी गाव आधी असते आणि पर्यटक मागाहून येतात. माथेरानला हा क्रम उलटा आहे: येथे पाहुण्यांसाठी गाव वसवले गेले आणि रहिवासी त्या पाहुण्यांच्या गरजेपुरते येत गेले. म्हणूनच ‘हे ठिकाण पर्यटकांना सोयीचे आहे, पण रहिवाशांना आहे का’ हा प्रश्न येथे दीर्घकाळ कोणी विचारलाच नाही.

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून वर आला आणि येथील हवेवर लुब्ध होऊन त्याने वर राहण्याची व्यवस्था केली. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत याला ‘माथेरानचा शोध’ म्हणण्याची पद्धत आहे. ज्या डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते आणि जेथे पिसारनाथ या ग्रामदैवताचे ठाणे होते, त्या डोंगराचा शोध लागला असे म्हणणे धाडसाचेच आहे. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने या ठिकाणात लक्ष घातले, वाटा आखल्या गेल्या आणि साहेबांचे, तसेच मुंबईतील धनिक पारशी व अन्य कुटुंबांचे बंगले उभे राहिले. पॅनोरमा, लुइझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन, शार्लट ही येथील कड्यांची आणि तलावाची नावे पाहिली, की नकाशा कोणी कोणासाठी काढला हे वेगळे सांगावे लागत नाही. शार्लट तलावाच्या काठी पिसारनाथ मात्र आपल्या जुन्या नावानिशी राहिला आहे.

बंगल्यांच्या मागोमाग माणसे आली, कारण बंगला एकट्याने चालत नाही. पालखी उचलणारे, टट्टू हाकणारे, पाणी भरणारे, माळी, वाणी, न्हावी, चर्मकार, खानसामे अशा लोकांची वस्ती बाजारपेठेच्या आसपास दाटीने वाढली. बंगल्यांना झाडीतले प्रशस्त भूखंड मिळाले, तर बाजाराच्या वाट्याला मर्यादित जागा आली. जमीन सरकारची आणि राहणारा भाडेपट्ट्यावर, हे सूत्र तेव्हापासून चालत आले. गिरिस्थानाचा कारभार पाहणाऱ्या ‘अधीक्षक’ या पदाचे नावही आजतागायत टिकून आहे. 1905 साली नगरपालिका स्थापन झाली. हंगाम होता तो पावसाळ्याआधीचा उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे काही महिने. जूनमध्ये पाऊस लागला की बंगल्यांना कुलपे पडत आणि गावात उरत ते फक्त गावकरी. पाच मीटरच्या आसपास वार्षिक पाऊस झेलणाऱ्या या पठारावर ते चार महिने धान्य, सरपण आणि औषधे यांची बेगमी करून काढायचे असत. माथेरानचे हे चार महिने पाहुण्यांच्या आठवणींत आणि प्रवासवर्णनांत जवळजवळ नाहीतच.

1907 मध्ये नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेला हा सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने आजही विलक्षण मानला जातो आणि युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही त्याचा समावेश आहे. या गाडीमुळे माथेरान मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, हेही खरे. तथापि तिचे वेळापत्रक हंगामाचे होते. पावसाळ्यात दरडी आणि वाहून जाणारे रूळ यांमुळे नेरळहून येणारी गाडी बंद ठेवली जाते, आणि गावाला खालच्या जगाशी जोडणाऱ्या साधनाची सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच महिन्यांत असते. रहिवाशांच्या दृष्टीने ती सार्वजनिक वाहतूक कधी पूर्णपणे झालीच नाही. ती पाहुण्यांना आणणारी आणि नेणारी गाडी राहिली.

या रहिवाशांमधून पुढे आलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल. 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानमधील एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि डोंगराखालच्या वाड्यापाड्यांतील कुळांसाठी व आदिवासींसाठी त्यांनी शाळा आणि धान्यकोठी यांसारखी कामे उभी केली. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या पायथ्याशी त्यांना हौतात्म्य आले. हवा खाण्यासाठी आलेल्यांच्या सेवेसाठी जी वस्ती वसवली गेली होती, तिच्यातूनच स्वतःच्या मुलुखाचा विचार करणारे नेतृत्व उभे राहिले, ही गोष्ट माथेरानच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

स्वातंत्र्यानंतर नेरळकडून घाटरस्ता झाला, पण तो दस्तुरी नाक्यापर्यंतच. मोटार तेथे थांबवायची, प्रवासी कर भरायचा आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षेतून जायचे, हा शिरस्ता पडला. पर्यटनाचे स्वरूपही या काळात बदलले. महिना-महिना मुक्काम करणारी कुटुंबे कमी होत गेली आणि शनिवार-रविवारी येऊन सोमवारी परतणारी गर्दी वाढली. थोड्या वेळात सर्व ‘पॉइंट’ पाहायचे असल्यामुळे घोड्यांची मागणी वाढली, आणि घोडे वाढले तशी लाल मातीच्या रस्त्यांची धूप आणि लिदीमिश्रित धूळही वाढली. ही धूळ पाहुण्याला दोन दिवस त्रास देते. दुकानदाराच्या आणि शाळकरी मुलांच्या छातीत ती वर्षभर जाते.

4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब वगळता माथेरानच्या हद्दीत वाहनांना बंदी, ही पूर्वापार चालत आलेली रीत या अधिसूचनेने कायद्याच्या चौकटीत बसवली. लोणावळ्याची आणि महाबळेश्वरची जी अवस्था झाली ती डोळ्यांसमोर ठेवली, तर या निर्णयाने माथेरानचे रान वाचवले हे मान्य करावेच लागते. जांभूळ, हिरडा, अंजन यांची एवढी सलग सावली असलेले दुसरे गिरिस्थान महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल, आणि पर्यटक येतात तेही या निवांतपणासाठीच. मात्र या निवांतपणाचा खर्च कोण भरतो, हा हिशेब अधिसूचनेत नव्हता. गॅसच्या टाक्या, भाजी, दूध, विटा, सिमेंट हे सर्व दस्तुरीहून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावर येते आणि त्या प्रमाणात महाग होते. पाणीसुद्धा शार्लट तलाव पुरेसा नसल्यामुळे नेरळजवळ उल्हास नदीतून टप्प्याटप्प्याने उपसून वर आणावे लागते. गंभीर आजारी माणसाला खाली न्यायचे तर रुग्णवाहिका मिळण्यावर सारे अवलंबून असते, आणि म्हाताऱ्या माणसाला साध्या तपासणीसाठी कर्जतला जायचे असेल तर रुग्णवाहिकेचा प्रश्नच येत नाही. ई-रिक्षा येण्याआधी त्याला दस्तुरीपर्यंत चालावे लागे किंवा हातरिक्षेचे पैसे मोजावे लागत. 2001 च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या 5139 होती, ती 2011 मध्ये 4393 झाली. पर्यटक वाढत असताना रहिवासी कमी झाले. या घटीला वाहतूक हेच एकमेव कारण आहे असे म्हणता येणार नाही, कारण घर वाढवण्यावरील निर्बंध, उच्च शिक्षणाचा अभाव आणि पर्यटनाखेरीज दुसरा रोजगार नसणे हीदेखील कारणे दिसतात; पण दिशा स्पष्ट आहे.

2005 च्या 26 जुलैच्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाला आणि गाडी 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरल्यामुळे ती थांबली, 2018 च्या सुरुवातीला पूर्ववत झाली, 2019 च्या पावसात मार्ग पुन्हा वाहून गेला आणि नेरळपर्यंतची सेवा ऑक्टोबर 2022 मध्येच परत आली. दरम्यान दस्तुरीजवळील अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवा गावकऱ्यांना खरी उपयोगी पडली, कारण ती नेमकी त्या अडीच-तीन किलोमीटरांसाठी होती.

ई-रिक्षेची मागणी पुढे आली ती या अनुभवातून, आणि ती हातरिक्षा ओढणाऱ्यांमधूनच आली, ही बाब महत्त्वाची आहे. परवानाधारक हातरिक्षा 94 होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सामान्य प्रवाशाला 35 रुपये आणि विद्यार्थ्याला 5 रुपये असे भाडे ठरवण्यात आले. माथेरानच्या वाहतुकीच्या इतिहासात रहिवाशाचा, आणि तोही शाळकरी रहिवाशाचा, वेगळा विचार करणारा दर मला तरी याआधी आढळत नाही. घोडेवाल्यांचा विरोध अर्थातच झाला. त्यांच्या भीतीला पोटाचा आधार होता, आणि एकदा विजेची वाहने आत आली की पेट्रोलचीही येतील, ही पर्यावरणवाद्यांची शंकाही केवळ हट्टातून आलेली नव्हती. न्यायालयाने पुढे ई-रिक्षांची संख्या तूर्त 20 वर रोखली आणि त्या मूळच्या हातरिक्षाचालकांनाच देण्याचा आग्रह धरला.

गावातल्या गावात हितसंबंध किती निरनिराळे आहेत, हे मार्च 2025 मधील बंदने दाखवून दिले. दस्तुरी नाक्यावर काही जण पर्यटकांची दिशाभूल करून जादा पैसे उकळतात, त्यामुळे गावाचे नाव खराब होते, अशी तक्रार करत स्थानिक व्यावसायिकांनीच माथेरान बंद ठेवले. ‘स्थानिक विरुद्ध पर्यटक’ अशी सरळ मांडणी येथे लागू पडत नाही, कारण पर्यटक हा सर्वांच्याच उत्पन्नाचा स्रोत आहे आणि भांडण आहे ते त्याला वर आणण्याचा हक्क कोणाचा यावर.

ऑगस्ट 2025 च्या आदेशात न्यायालयाने गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर राज्य सरकारने स्वतः ई-रिक्षा खरेदी करून भाड्याने द्याव्यात, खऱ्या हातरिक्षाचालकांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने निश्चित करावी, आणि उरलेल्या रिक्षा परिसरातील आदिवासी महिला व इतर गरजूंना मिळाव्यात, असे सुचवले. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. मॅलेटच्या आधीपासून या डोंगरावर असलेल्या समाजांचा उल्लेख माथेरानच्या वाहतुकीविषयीच्या आदेशात यावा, याला 175 वर्षे लागली. मातीच्या पेव्हर ब्लॉकचा रस्ता मात्र दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच मंजूर झाला असून, आतील वाटा आणि पॉइंटकडे जाणारे रस्ते मातीचेच राहणार आहेत.