जुन्या दस्तांच्या सूचीतून घराण्याच्या आडनावाचा माग: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्यावर बहुतेक जण 'इंडेक्स टू' मागतात. गृहकर्ज आणि फ्लॅटच्या व्यवहारांमुळे सूची क्रमांक २ सगळ्यांच्या तोंडी बसली आहे. आडनावाचा माग काढायचा असेल तर मात्र ती दुय्यम कामाची, कारण ती मिळकतीची सूची आहे. माणसांची सूची म्हणजे सूची क्रमांक १. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या प्रत्येक नोंदलेल्या दस्तातले लिहून देणारे आणि लिहून घेणारे, सगळ्यांची नावे तपशिलासह तीत येतात. तपशील म्हणजे राहण्याचे ठिकाण, धंदा, हुद्दा आणि बापाचे नाव. एखाद्याला आईच्या नावाने ओळखत असतील, तर आईचे नाव. १९५६ च्या दुरुस्तीपर्यंत यात जातही होती. त्यामुळे त्याआधीच्या सूचीतली एक ओळसुद्धा बरेच काही सांगून जाते.

पात्रतेचा प्रश्न अनेकांना उगाच भेडसावतो. मिळकतीशी किंवा घराण्याशी नाते सिद्ध केल्याशिवाय सूची दाखवत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. कलम ५७ नुसार पुस्तक क्रमांक १ (स्थावर मिळकतीचे दस्त), पुस्तक क्रमांक २ (नोंदणी नाकारल्याची कारणे) आणि पुस्तक १ च्या सूच्या फी भरून कोणीही पाहू शकतो आणि नक्कलही मागू शकतो. पुस्तक क्रमांक ३ मध्ये मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र असते. करून देणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही. पुस्तक क्रमांक ४ संकीर्ण दस्तांचे. त्याची नक्कल फक्त दस्तातल्या पक्षकारांना, त्यांच्या मुखत्यारांना किंवा प्रतिनिधींना मिळते. दत्तकपत्र बहुधा याच पुस्तकात असते. घराण्यात दत्तकामुळे आडनाव बदलले असेल, तर तुम्ही त्या व्यक्तीचे वारस आहात हे दाखवणारा कागद सोबत न्यावा लागेल. पुस्तक ३ आणि ४ मधला शोध नोंदणी अधिकारी स्वतः घेतो, अर्जदाराला ती पुस्तके हाताळायला मिळत नाहीत.

अर्ज करण्याआधीची तयारी हेच खरे काम आहे. सूची कार्यालयवार आणि वर्षवार असते, शोधाची फीही वर्षांच्या हिशेबाने लागते. 'आजोबांच्या काळातले काहीतरी' असा अर्ज दिला तर पैसेही जातात आणि दिवसही. आधी आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना ६ म्हणजे फेरफार पत्रकाच्या नकला काढा. अनेक गावांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत, तिथे आधी पाहून घ्यावे. खरेदीच्या फेरफारात बहुतेक वेळा 'रजिस्टर खरेदीखत नं. अमुक, ता. तमुक' असे लिहिलेले असते. तो क्रमांक मिळाला की सूची चाळण्याची गरजच उरत नाही, सरळ नक्कल मागता येते. तो न मिळाल्यास फेरफाराच्या तारखेच्या आधीची तीन-चार वर्षे शोधासाठी धरावीत, कारण दस्त नोंदल्यावर फेरफार व्हायला तेव्हाही वेळ लागायचा.

फेरफारावरून मागे जाताना गट नंबर आडवा येतो. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले त्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना दस्त सर्व्हे नंबर आणि हिश्शावर असतो, सातबारा गटावर. दोन्हींची जुळणी तालुक्याच्या उप अधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या जबाबावरून होते. त्याची नक्कल काढल्याशिवाय पुढे गेलात तर दुसऱ्याच घराण्याची वंशावळ हाती येण्याचा धोका आहे, आणि असे वाटते तितके क्वचित होत नाही.

हक्कनोंदणी, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांची सरकारी नोंद, मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे फेरफाराचा धागा साधारण तिथे संपतो. दस्तनोंदणीच्या सूच्या त्याच्याही मागे जाऊ शकतात, कारण नोंदणीचा कायदा १८६४ पासून आहे (१८६६, १८७१ आणि १८७७ मध्ये तो नव्याने झाला, मग १९०८ चा). प्रत्यक्षात कुठल्या कार्यालयात किती जुने खंड टिकले आहेत हे ज्याचे त्याचे नशीब. वाळवी, पूर आणि बांधणी सुटलेली पाने यातून जे वाचले ते मिळते.

कार्यालय कोणते, हे आजच्या नकाशावरून ठरवू नका. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, पालघर २०१४ चा. मालवणकडचा १९३० चा दस्त रत्नागिरी जिल्ह्यातला म्हणून नोंदलेला असेल. जुने खंड तालुक्याला नसतील तर सह जिल्हा निबंधकांच्या कार्यालयात विचारा. कोकणातल्या घरांसाठी एक खास गोष्ट: कलम ३० च्या जुन्या तरतुदीमुळे मुंबईच्या निबंधकाकडे देशातल्या कुठल्याही मिळकतीचा दस्त नोंदता येत असे, ही सोय २००१ च्या दुरुस्तीने गेली. गिरणीत किंवा गोदीत नोकरीला असलेल्या माणसाने गावची जमीन भावाला लिहून दिली ती मुंबईत बसूनच, असे असू शकते. अशा दस्ताची प्रत गावाकडच्या कार्यालयाला पाठवायची पद्धत होती, पण ती सापडली नाही तर मुंबईची सूची पाहायला विसरू नका.

कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, फलटण अशा संस्थानांतल्या गावांचा १९४८-४९ च्या विलीनीकरणापूर्वीचा कारभार वेगळा होता. त्यांचे कागद शोधताना पुराभिलेखागारही धरावे लागते. मराठवाड्यात निजामाच्या काळातले दस्त उर्दूत आणि वर्षे फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, शकात ७८.

अर्ज साधाच असतो. कार्यालयाचा छापील नमुना असेल तर तो, नसेल तर कोऱ्या कागदावर. अर्जदाराचे नाव-पत्ता, गावाचे नाव, जुना सर्व्हे नंबर, ज्या व्यक्तीचा शोध आहे तिची माहीत असलेली सर्व नावे, वर्षांचा पट्टा, आणि स्पष्ट शब्दांत 'सूची क्रमांक १ व २ चा शोध'. सोबत ओळखपत्राची छायाप्रत, आजचा सातबारा आणि मिळालेल्या फेरफारांच्या प्रती. या शेवटच्या दोन गोष्टी कायद्याने लागत नाहीत, पण त्या असल्या की रेकॉर्ड शोधणाऱ्या लिपिकाचे काम सोपे होते आणि तुमचेही. फी ग्रास या शासनाच्या भरणा प्रणालीच्या चलनाने ऑनलाइन भरता येते, चलनाची प्रत अर्जाला लावा. नोंदणी विभागाची ऑनलाइन ई-सर्च सेवा मुंबईसाठी १९८५ पासून आणि बाकी महाराष्ट्रासाठी २००२ पासूनच्या दस्तांची आहे. तीन-चार पिढ्यांमागचे आडनाव तिथे सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. जुन्या सूचीत एखादी ओळ अशी दिसेल: 'रामा बिन सखाराम, जात कुणबी, धंदा शेती, रा. मौजे अमुक'. आडनाव नाहीच. पश्चिम महाराष्ट्रात मुलगा दाखवायला 'बिन', विदर्भ-मराठवाड्यात 'वल्द', बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याचे नाव. आडनाव असलेच तर ते आजचे असेल असेही नाही. बापाच्या दस्तात 'पाटील' हा वतनाचा हुद्दा असतो, मुलाच्या दस्तात तोच आडनाव म्हणून येतो आणि दुसऱ्या भावाच्या शाखेत मूळ कुळाचे आडनाव राहते. म्हणून शोध घेताना एकच आडनाव धरून बसू नका. आडनावाच्या अक्षराखाली, वतनाच्या नावाखाली आणि माणसाच्या स्वतःच्या नावाच्या अक्षराखाली, अशा तिन्ही ठिकाणी पाहावे. रामा, रामजी, रामचंद्र हा एकच माणूस असू शकतो. सखू आणि सखुबाईचेही तेच.

मग तो आपलाच रामा हे कशावरून? नाव आणि बाप जुळणे पुरेसे नाही, एका गावात असे दोन निघतात. सूचीतून दस्त क्रमांक, वर्ष, खंड आणि पृष्ठ घेऊन दस्ताची नक्कल काढा आणि चतुःसीमा वाचा. वाटणी झालेल्या भावांची शेते सहसा एकमेकांना लागून असतात. त्यामुळे पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस तमक्याची, यात भाऊबंदच निघतात, आणि सूचीत न सापडलेले आडनाव अनेकदा शेजाऱ्याच्या नावापुढे मिळते. तसेच साक्षीदार आणि ओळख पटवणारे. रजिस्ट्रारसमोर ओळख द्यायला घरातला किंवा भावकीतला माणूसच नेत. सहीच्या जागी अंगठा किंवा 'निशाणी नांगर' असते, बाईची 'निशाणी बांगडी'. अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे पालनकर्त्याचे नाव येते, ते बहुधा आईचे किंवा चुलत्याचे. फेरफारात आणि सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसली तरी मागे भाऊ आहेत असे समजावे.

सूचीत काय येत नाही, हेही आधी माहीत असावे. शंभर रुपयांखालच्या व्यवहारांची नोंदणी सक्तीची नव्हती, आणि १९०० च्या आसपास बऱ्याच शेतांची किंमत तेवढीच होती. तोंडी वाटणी आणि वारसाहक्क यांचा दस्त नसतो, ते फक्त फेरफारात आणि वारस नोंदवहीत सापडतात. तीन पिढ्या कोणी जमीन विकली नाही, गहाण टाकली नाही, तर ते घराणे दस्तांच्या सूचीत दिसणारच नाही. कर्जबाजारी घराण्याचा इतिहास मात्र भरपूर सापडतो, गहाणखतांमधून.

कागद मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर लागते. पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या जाणकाराकडून ते करून घ्या. ज्या कामासाठी हवे ते कार्यालय कोणाचे लिप्यंतर स्वीकारते हे आधी विचारून घेतलेले बरे. जातीच्या दाखल्यासाठी शोध असेल तर मानीव दिनांकापूर्वीचा (त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा) कागद लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. अशा कामात मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. सही-शिक्क्याची नक्कलच हवी, कारण मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला कायद्याने तीच ग्राह्य आहे. नक्कल हाती आली की टेबलावरून उठण्याआधी खंड, पृष्ठ आणि बापाचे नाव मुळाशी ताडून पाहा. उतरवून घेताना 'बिन' गळले तर बाप-लेक एकच माणूस होऊन बसतात आणि ती चूक पुढच्या प्रत्येक कागदात जाते.

शोध घेऊन काही मिळाले नाही, किंवा खंड जीर्ण असल्याने देता येत नाही असे सांगितले, तर तेच लेखी मागा. कोणत्या वर्षांच्या कोणत्या सूच्या पाहिल्या आणि कोणते खंड उपलब्ध नाहीत, हे त्या पत्रात नावानिशी आलेले असावे. नुसते 'नोंद आढळली नाही' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण नोंद नसणे आणि पुस्तक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जात पडताळणी समितीसमोर किंवा न्यायालयात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.