पार्श्वभूमी: लांब रचना तोडायची की नाही

नागपूरचा एक वाद्यबँड मोठ्या खंडानंतर नवा अल्बम घेऊन येतोय. दोन गिटार, बेस, ड्रम्स. पाठीशी कुठलीही कंपनी नाही. पण अल्बमपेक्षा जास्त वाद चाललाय तो त्यातल्या शेवटच्या रचनेवर. ती खूप लांब आहे आणि बँडने ती एकाच ट्रॅकमध्ये ठेवली आहे. तिचे चार-पाच तुकडे करायला हवे होते, असं अनेकांचं म्हणणं आहे.

रॉकचीच वाद्यं, पण बहुतेकदा गायक नाही आणि हळूहळू चढत जाणाऱ्या लांब रचना, अशा संगीताला पोस्ट-रॉक म्हणतात. हे नाव १९९४ मध्ये एका ब्रिटिश समीक्षकाने रूढ केलं. त्या नावाखाली पुढे जे मोजलं गेलं, त्यातलं काही १९९१ मध्येच लुईव्हिल आणि लंडनच्या बँडनी प्रकाशित केलेलं होतं. मग शिकागो, ग्लासगो, मॉन्ट्रियल. मॉन्ट्रियलच्या एका बँडचा २००० सालचा दुहेरी अल्बम या वादात हमखास निघतो: चारच रचना, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांची, तबकडीच्या एकेका बाजूला एक. पोटभागांना वेगळी नावं होती, पण ट्रॅक चारच. ऐकणाऱ्याने पैसे आधीच मोजलेले असायचे, त्यामुळे लांबीचा हिशेब कुणी मांडला नाही.

तो हिशेब स्ट्रीमिंगने मांडला. तीस सेकंद ऐकलं की एक प्ले धरला जातो. दोन मिनिटांचा ट्रॅक असो की वीस, मोजणी एकच. त्यामुळे तुकडे केले की एका बैठकीत पाच प्ले मिळतात, हा तोडा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा. प्लेलिस्टमध्ये लांब ट्रॅक क्वचित घेतात, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत.

पण २०२४ पासून सर्वांत मोठ्या सेवेने नियम बदलला. मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले न झालेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही, आणि ही अट प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्रपणे लागू आहे. लहान बँडचा पहिला तुकडा कसाबसा हजारावर गेला, तरी चौथ्या-पाचव्यापर्यंत श्रोते गळतात. तोडण्याचा फायदा ज्यांना आधीच मोठा श्रोतृवर्ग आहे त्यांनाच, हे या चर्चेत कुणी फारसं बोलत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण फुकटच्या खात्यावर ऐकतात. तिथे जाहिरात दोन ट्रॅकच्या मध्ये येते. सात-आठ मिनिटं हळूहळू चढवत नेलेलं संगीत ऐन टिपेला पोचताना मध्येच साबणाची जाहिरात लागली, तर त्या रचनेत उरलं काय? या एकाच कारणासाठी बँडचा निर्णय बरोबर वाटतो.

नागपुरात अशा संगीताच्या इतर अडचणी जुन्याच आहेत. कॅफेवाल्यांना ओळखीची गाणी म्हणणारा गायक हवा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणजे तीन बँड असतील तर शेवटच्याच्या वाट्याला दोन रचना येतात. मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेली की सराव थांबतो. बहुतेक बँडचे खंड असेच पडतात.

घरी रेकॉर्डिंग करायचं तर उन्हाळा बाद. एकच गिटार अगदी हलकी वाजत असते, तिथे खिडकीतल्या कूलरची घरघर माइक सहज पकडतो. कूलर बंद करावा तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तारा सुरात राहत नाहीत, वाजवणाऱ्याची बोटं घामाने निसटतात. म्हणून हळुवार भाग दिवाळीनंतरच घेतात, सगळे गावी आलेले असताना. लांब रचना एका दमात वाजवून घेण्याची संधी वर्षातून तेवढीच.

हा अल्बम थेट विक्रीच्या साइटवरही येणार आहे. तिथे ट्रॅकची किंमत कलाकारच ठरवतो, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ती साइट आपला वाटा सोडते.