क्लोन केलेले व्हर्च्युअल डेस्कटॉप : परवाना-सक्रियण

एकाच मास्टर इमेजवरून (तयार करून ठेवलेल्या नमुना-प्रतीवरून) अनेक व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) काढल्यावर त्यांतील विंडोज, ऑफिस व इतर सॉफ्टवेअरची प्रत्येक प्रत वैध असल्याचे सर्व्हरकडून मान्य करून घेण्याची पद्धत. परवाना विकत घेणे आणि तो सक्रिय होणे या वेगळ्या बाबी आहेत. सक्रियण झाले म्हणजे परवाना आहेच, असे होत नाही.

एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना आयबीएमच्या १९६० च्या दशकातील सीपी-४० व सीपी-६७ या प्रणालींपर्यंत मागे नेता येते. डेस्कटॉपसाठी तिचा पद्धतशीर वापर २००६ च्या सुमारास व्हीएमवेअरच्या पुढाकाराने सुरू झाला, असे सामान्यतः मानतात. सक्रियणाचा पेच मात्र विंडोज व्हिस्टापासूनचा, म्हणजे २००७ पासूनचा. त्याआधी विंडोज एक्सपीच्या व्हॉल्यूम प्रतींना (संस्थांना एकगठ्ठा परवान्याने दिलेल्या प्रतींना) सक्रियण लागतच नसे, त्यामुळे इमेज कितीही वेळा उतरवली तरी काही अडत नसे.

व्हिस्टाबरोबर दोन मार्ग आले. ‘मॅक’ (मल्टिपल अ‍ॅक्टिव्हेशन की) या किल्लीने प्रत्येक यंत्र थेट मायक्रोसॉफ्टकडे नोंदले जाते व ठरलेल्या संख्येतून एक वजा होतो. रोज पुसून नव्याने काढल्या जाणाऱ्या डेस्कटॉपवर ही किल्ली वापरली तर ती संख्या पाहता पाहता संपते. दुसरा मार्ग केएमएस (की मॅनेजमेंट सर्व्हिस) सर्व्हरचा. तो संस्थेच्या आतच, १६८८ या पोर्टवर चालतो. सक्रियण १८० दिवस टिकते आणि यंत्र दर ७ दिवसांनी ते वाढवून घेते. मात्र किमान २५ वेगवेगळी क्लायंट यंत्रे येऊन गेल्याखेरीज हा सर्व्हर कोणत्याही क्लायंट विंडोजला सक्रिय करत नाही. सर्व्हर विंडोजसाठी आणि ऑफिससाठी हा उंबरठा ५ चा आहे. २५ ही कमाल मर्यादा असल्याचा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

यंत्रे ‘वेगवेगळी’ कशावरून ठरतात, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा. जुन्या तंत्रज्ञांचा एक वर्ग दोष एसआयडी या सुरक्षा-ओळखक्रमांकाला देतो. तो बदलण्यासाठी ‘न्यूएसआयडी’ हे साधन वर्षानुवर्षे वापरले गेले. त्याचे कर्ते मार्क रुसिनोविच यांनीच २००९ मध्ये ते मागे घेतले आणि डोमेनमधील (संस्थेच्या एकाच मध्यवर्ती व्यवस्थेला जोडलेल्या) यंत्रांचे स्थानिक एसआयडी सारखे असल्याने प्रत्यक्ष बाधा येत नाही, असे मत मांडले. हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. २०२५ च्या उत्तरार्धातील विंडोज अद्यतनांनंतर मात्र विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत समान एसआयडीच्या यंत्रांमध्ये केर्बेरॉस व एनटीएलएम या पद्धतींची ओळखपडताळणी अडू लागली. त्यामुळे ते जसेच्या तसे आज स्वीकारता येत नाही. तरीही हा वाद लॉगिनचा आहे. केएमएस मोजतो तो सीएमआयडी (क्लायंट यंत्राचा ओळखक्रमांक), आणि सक्रियणापुरते त्यालाच कारण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. चाळीस क्लोनचा सीएमआयडी एकच असेल, तर सर्व्हरच्या लेखी ते एकच यंत्र ठरते.

याची खूण सहज दिसते. केएमएस सर्व्हरवर ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ ही आज्ञा दिली की चालू संख्या कळते. डेस्कटॉपचा पूल (संच) मोठा असून ती संख्या हलत नसेल आणि क्लोनवर ‘सी००४एफ०३८’ ही त्रुटी येत असेल, तर बहुधा इमेजमध्ये रिआर्म (सक्रियणाची स्थिती पुसून पुढच्या वेळी सुरू होताना नवा सीएमआयडी घडवणारी क्रिया) झालेला नसतो. किंवा झाला असतो, पण चुकीच्या क्षणी. रिआर्म ही शेवटची पायरी असावी लागते : रिआर्म, लगेच शटडाउन, मग स्नॅपशॉट (इमेजची त्या क्षणाची गोठवलेली प्रत). मध्ये एकदा जरी इमेज सुरू केली तरी नवा सीएमआयडी तिथेच तयार होतो आणि सगळ्या क्लोनमध्ये उतरतो. इमेज वाटपासाठी तयार करणाऱ्या सिसप्रेप या विंडोजच्या साधनाने हे काम आपोआप होते, परंतु त्याच्या उत्तरफायलीत (सूचनांच्या फायलीत) ‘स्किपरिआर्म’ १ ठेवलेले असल्यास होत नाही. चाचणीसाठी ठेवलेले हे मूल्य अंतिम इमेजमध्ये तसेच राहून जाण्याचा धोका असतो. विंडोज ७ मध्ये रिआर्म ३ वेळाच करता येई, म्हणून इमेजची एक मूळ प्रत अस्पर्श ठेवणे भागच होते. पुढील आवृत्त्यांत ही संख्या १००१ झाली. ऑफिस २०१० चा रिआर्म विंडोजपासून स्वतंत्र होता आणि तो वेगळा करावा लागे.

बडोद्यात हा प्रश्न दोन प्रकारच्या ठिकाणी विशेष येतो. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी स्थापलेल्या कलाभवनाची परंपरा पुढे चालवणारी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आणि शहरातील इतर महाविद्यालये, हे एक. कोयलीची रिफायनरी व पेट्रोकेमिकल उद्योगांभोवती वाढलेली डिझाइन कार्यालये, हे दुसरे. केएमएस सर्व्हर ३० दिवस न भेटलेल्या यंत्राची नोंद काढून टाकतो. उन्हाळ्याच्या सुटीत लॅब महिनाभराहून अधिक काळ बंद राहिली की संख्या २५ च्या खाली जाते. जूनमध्ये जुनी यंत्रे १८० दिवसांच्या मुदतीवर ठीक चालतात, पण नवे क्लोन मात्र अडतात. लॅबमधील सर्व यंत्रे एकदा सुरू करून ठेवली, तर दर दोन तासांनी होणाऱ्या पुनर्प्रयत्नांत काम मार्गी लागते. अलकापुरीतल्या वीस जणांच्या ड्रॉइंग ऑफिसात मात्र उंबरठाच गाठता येत नाही. तेथे विंडोज सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध असलेले अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर आधारित सक्रियण निःसंशय श्रेयस्कर. त्यात किमान संख्येची अट नाही, डोमेनला जोडलेले विंडोज ८ किंवा पुढील आवृत्तीचे प्रत्येक यंत्र आपोआप सक्रिय होते.

रेखन-सॉफ्टवेअरचे गणित निराळे. नेटवर्क कार्डाच्या पत्त्याशी बांधलेला परवाना क्लोनवर निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक क्लोनचा पत्ता नवा असतो. फ्लेक्सनेटसारख्या परवाना-सर्व्हरवरील फ्लोटिंग परवाना (वापरापुरता घेऊन परत करायचा सामायिक परवाना) चालतो, पण डेस्कटॉप अचानक पुसला गेल्यास त्याची सीट, म्हणजे घेतलेला परवाना, काही काळ अडकून राहते. २०२० पासून ऑटोडेस्क नेटवर्क परवान्यांऐवजी व्यक्तीच्या नावावरील परवान्यांकडे वळली. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील सामायिक-संगणक सक्रियणही व्यक्तीच्या खात्यावरच चालते. त्याचे टोकन (सक्रियणाची खूण असलेली फाइल) वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये साठते, म्हणून डेस्कटॉपबरोबर प्रोफाइलही पुसली जात असेल तर टोकन सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे लागते.