आयतालेख (सर्किट सिम्युलेशन)

सर्किटमधील घटकांची मूल्ये टॉलरन्सच्या (छापील मूल्यापासून चालणाऱ्या फरकाच्या) मर्यादेत यादृच्छिकपणे बदलत तेच सिम्युलेशन शेकडो किंवा हजारो वेळा चालवले, की प्रत्येक फेरीतून एक आकडा हाती लागतो: ऑफसेट व्होल्टेज, विलंब, फिल्टरची छेद-वारंवारता (जेथून फिल्टर संकेत दाबू लागतो ती). हे आकडे समान रुंदीच्या वर्गांत वाटून प्रत्येक वर्गावर त्यातील मोजणीइतक्या उंचीचा आयत उभा केला, की आयतालेख होतो. स्तंभालेखाशी त्याची गल्लत नको. स्तंभालेखातले खांब सुटे असतात. येथे आडवा अक्ष सलग असल्याने आयत एकमेकांना चिकटून येतात. (मराठीत आणखी एक घोळ आहे. हर्ट्झमधली आणि मोजणीतली, दोन्हींना ‘वारंवारता’च म्हणतात. फिल्टरच्या आलेखात एक आडव्या अक्षावर आणि दुसरी उभ्या अक्षावर येते, म्हणून अक्षांवर एकक लिहावेच.)

अशा यादृच्छिक फेऱ्यांची मोंटे कार्लो पद्धत १९४० च्या दशकात लॉस अलामॉस येथे स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी घडवली. सर्किट सिम्युलेशनचा स्पाइस हा प्रोग्रॅम १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. आयतालेखाचा ‘हिस्टोग्राम’ हा इंग्रजी शब्द कार्ल पीअर्सन यांचा.

१ किलोओहमचा ५ टक्क्यांचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा १० टक्क्यांचा कपॅसिटर घेऊन साधा लो-पास फिल्टर केला, तर छेद-वारंवारता कागदावर १५९२ हर्ट्झ येते. दोन्ही घटक एकाच बाजूच्या टोकाला गेले तर ती १३७८ ते १८६१ हर्ट्झ अशी फिरते. उजवीकडचे अंतर जास्त, कारण रोध आणि धारिता दोन्ही सूत्रात छेदस्थानी आहेत. टॉलरन्सच्या पट्ट्यातले प्रत्येक मूल्य सारख्याच शक्यतेचे धरले, तर आयतालेखाचा माथा जवळपास सपाट येतो, बाजू उतरत्या, आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या फैलावाचे माप, म्हणजेच सिग्मा) सुमारे १०३ हर्ट्झ. तीच टॉलरन्स ३ सिग्मा मानून प्रसामान्य वितरणातून मूल्ये उचलली, तर घंटेचा आकार येतो आणि विचलन सुमारे ६० हर्ट्झवर उतरते. सर्किट तेच, टॉलरन्स तीच. बदलले ते फक्त गृहीतक. स्पाइसचीच एक आवृत्ती असलेल्या एलटीस्पाइसमधील ‘एमसी’ हे फंक्शन पहिल्या पद्धतीने मूल्ये उचलते, ‘गॉस’ दुसऱ्या, आणि ‘गॉस’ला टॉलरन्स नव्हे, सिग्मा द्यावी लागते.

वर्ग किती करावेत? स्टर्जेस यांच्या १९२६ च्या नियमाने १००० फेऱ्यांना ११ वर्ग पुरतात. स्कॉट यांच्या १९७९ च्या नियमात वर्गाची रुंदी प्रमाण विचलनावरून ठरते. वरच्या सपाट माथ्याच्या उदाहरणात ती सुमारे ३६ हर्ट्झ येते, म्हणजे १३-१४ वर्ग. यापेक्षा फार बारीक वर्ग केले तर दिसतो तो गोंगाट: ज्या वर्गात २५ फेऱ्या पडल्या, तेथे पाचेकचा चढउतार निव्वळ योगायोगाने होतो. दोन रचनांची तुलना करताना मात्र नियम बाजूला ठेवून दोघींना एकच वर्गसीमा द्याव्यात. ट्रान्झिस्टरांच्या जोडीचे क्षेत्रफळ चौपट केले की मिसमॅचचे (जोडीतल्या दोघांमधील फरकाचे) विचलन निम्मे होते, हा पेलग्रोम यांनी १९८९ मध्ये मांडलेला संबंध तेव्हा नुसत्या नजरेने दिसतो.

सरासरी आणि सिग्मा छापून आयतालेख न काढणे ही सवय महागात पडते. बँडगॅप संदर्भ-सर्किटचे (स्थिर व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटचे) आउटपुट-व्होल्टेज १.२ व्होल्टच्या आसपास असते. पण स्टार्ट-अप (सर्किट सुरू करून देणारा भाग) कमकुवत असेल तर काही फेऱ्यांत सर्किट शून्य प्रवाहाच्या दुसऱ्या स्थिर अवस्थेतच अडकून राहते. आयतालेखात शून्याजवळ एक छोटा ढीग वेगळा उठून दिसतो. सरासरी तेवढ्याने किंचित खाली सरकते, सिग्मा फुगते, आणि नुसते आकडे पाहणारा हा दोष घटकांच्या टॉलरन्सच्या माथी मारतो.

याउलट कंगव्याच्या दातांसारखा, एकाआड एक रिकामा आयतालेख आला तर सर्किटवर संशय घेण्याआधी आकडे किती दशांश स्थळांपर्यंत छापले गेले ते पाहावे. ज्या फेरीत मोजमाप सापडलेच नाही, किंवा सिम्युलेशन अभिसरित झाले नाही (उत्तरावर स्थिरावले नाही), ती गुपचूप गळते, आणि बहुधा तीच सर्वांत वाईट असते. म्हणून आलेखावर एकूण फेऱ्या आणि गळालेल्या फेऱ्या, दोन्ही लिहाव्यात. ट्रान्झिएंट सिम्युलेशनचे (काळानुसार बदल दाखवणाऱ्या सिम्युलेशनचे) सगळे बिंदू थेट वर्गांत ओतणेही चूक: सिम्युलेटर जलद बदलाच्या जागी काळाचे पाऊल आखूड करतो, त्यामुळे त्या क्षणांची मोजणी नाहक वाढते. आधी समान अंतराने नमुने घ्यावे लागतात.

शेपटीबाबत, म्हणजे टोकाच्या विरळ मूल्यांबाबत, आयतालेख फारसे बोलत नाही. १००० फेऱ्यांत एकही नापास झाली नाही, तरी ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की नापासाचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी आहे. लक्षावधी पेशींच्या मेमरीला हे अगदीच अपुरे. तेथे आयतालेखाऐवजी प्रसामान्य संभाव्यता-आलेख (ज्यात प्रसामान्य वितरण सरळ रेषेत येते) काढतात, आणि फेऱ्या मुद्दाम शेपटीकडे झुकवून नंतर प्रत्येकीला योग्य भार देतात.