कुकर, विजेचा

विजेवर तापणारे, झाकण घट्ट बसणारे आणि आतला दाब व वेळ स्वतः सांभाळणारे रांधण्याचे भांडे. दुकानात ते ‘इलेक्ट्रिक प्रेशर कुकर’ म्हणून मिळते. नागपुरी घरात त्याला बहुधा नुसते ‘लाईटवरचा कुकर’ म्हणतात. वरण-भात, डाळकांदा, तर्रीचे चणे, मटणाचा रस्सा अशा नागपूरच्या रोजच्या स्वयंपाकाशी या यंत्राचा जो संबंध येतो, तेवढ्यापुरती ही नोंद आहे. गॅसवरचा कुकर वाचकाच्या परिचयाचा आहे असे धरले आहे.

संज्ञा : मराठीत ‘कुकर’ हा शब्द दाबाशी नव्हे, डब्यांशी जोडलेला आहे. ‘कुकर लावला का?’ या प्रश्नात वरणाचा डबा खाली, भाताचा वर आणि जमल्यास दोन आलू कडेला, अशी सगळी मांडणी गृहीत असते. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास तयार केलेला ‘इकमिक कुकर’ याच जातीचा होता : खाली कोळसा, मध्ये पाणी, वर डब्यांची उतरंड. लोकप्रिय लेखनात त्याला भारताचा पहिला प्रेशर कुकर म्हटलेले आढळते, ते बरोबर नाही. त्यात अन्न वाफेवर शिजे, पण वाफ कोंडली जात नसे. डब्यांची सवय दाबापेक्षा जुनी आहे, एवढे मात्र त्यावरून दिसते. विजेच्या कुकरसोबत येणारी तारेची तिवई आपल्याकडे लगेच कामाला लागली, त्याचे कारणही हेच असावे.

इतिहास : वाफ कोंडून अन्न लवकर शिजवण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याला दिले जाते. वर्ष कोणी १६७९ देतात, कोणी १६८१. पहिले लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील प्रात्यक्षिकाचे आहे, दुसरे त्याविषयीच्या पुस्तकाचे. त्यामुळे हा मतभेद फारसा खोल नाही. जॉन ईव्हलिन या इंग्रज लेखकाने आपल्या रोजनिशीत १२ एप्रिल १६८२ रोजी पापँच्या भांड्यात शिजलेल्या जेवणाची हकिगत लिहून ठेवली आहे. बैलाची कठीण हाडेसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती, असे तो म्हणतो. भांडे फुटू नये म्हणून पापँने दांडीला वजन टांगलेली झडप बसवली. गॅसवरच्या कुकरची शिट्टी ही तिचीच दूरची नात. घरगुती वापराची भांडी पुढे जर्मनी, स्पेन व अमेरिकेत घडत गेली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानंतर त्यांचा प्रसार वाढला, असे सामान्यतः मानतात. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांच्या कुकरची सुरुवात १९५९ ची धरली जाते.

विजेच्या कुकरचा उगम सांगताना दोन मते मांडली जातात. पहिल्यानुसार तो पापँच्या भांड्याचाच शेवटचा वंशज आहे : गॅसच्या जागी वीज आली, इतकेच. दुसऱ्यानुसार त्याचे खरे घराणे जपानी राइस कुकरचे आहे. तोशिबाने १९५५ मध्ये बाजारात आणलेल्या राइस कुकरमागे मिनामी योशितादा यांचे प्रयोग होते. बाहेरच्या भांड्यातले ठरावीक पाणी आटले की तापमान शंभर अंशांच्या वर सरके आणि दोन धातूंच्या पट्टीचा खटका वाकून वीज तोडी. भांड्याने स्वतःच ‘झाले’ म्हणण्याची ही पहिली यशस्वी युक्ती. उचलून काढता येणारे आतले भांडे, तळाची तापती ताटली, तिच्या मधोमध उष्णता ओळखणारे बटण आणि शिजल्यावर अन्न गरम ठेवणे ही आजच्या विजेच्या कुकरची सगळी लक्षणे राइस कुकरच्या घराण्यातली आहेत. पापँकडून आले ते झाकण व झडप. दुसरे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

तारखेबाबतही थोडी सावधगिरी हवी. विजेवर तापणारे बंद भांडे आणि दाब ओळखून वीज तोडणारे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या अर्थाने चीनमधील योंग-ग्वांग वांग यांनी जानेवारी १९९१ मध्ये दाखल केलेला पेटंट-अर्ज हा आरंभबिंदू मानला जातो. सूक्ष्म-संगणक बसवलेली पिढी त्यानंतरची. कॅनडातील ओटावा येथून २०१० मध्ये आलेल्या ‘इन्स्टंट पॉट’ने ती जगभर पोहोचवली, इतकी, की अमेरिकेहून सुटीवर आलेली मंडळी विजेच्या कोणत्याही कुकरला त्याच नावाने हाक मारतात.

दाब, तापमान आणि शिट्टीचा प्रश्न : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. उघड्या गंजात (पातेल्यात) येथे पाणी जेमतेम ९९ अंश सेल्सियसला उकळते. गॅसवरच्या कुकरचे वजन आतला दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण १०० किलोपास्कल वर नेऊन मगच उचलले जाते. तेव्हा आत १२० अंशांच्या आसपास तापमान असते. विजेचे बहुतेक कुकर ७० ते ८० किलोपास्कलवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. फरक चार अंशांचा दिसतो, पण दहा अंशांमागे शिजण्याचा वेग दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तर वेळ चतुर्थांश ते तृतीयांश वाढायला हवा. प्रत्यक्षात तो तेवढा वाढत नाही, कारण वीज तुटल्यावरही जाड आवरणाखाली भांडे सावकाश निवते आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत डाळ शिजतच राहते. घाईने वाफ सोडणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. ‘लाईटच्या कुकरात डाळ दाताखाली येते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

खरी अडचण मात्र मोजमापाची आहे. मराठी स्वयंपाकघरात वेळ शिट्ट्यांत मोजतात. ‘तुरीच्या डाळीला चार, चण्याला सात, मटणाला विचारून’ अशा सूत्रांनी ही विद्या आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आणि अलीकडे फोनवरून खोली करून राहणाऱ्या मुलाकडे जाते. विजेचा कुकर शिट्टी वाजवत नाही. त्याची झडप बंद राहते, वाफ आतच कोंडलेली असते, आणि शेवटी तो नुसता टुंग वाजतो. मग ‘एक शिट्टी म्हणजे किती मिनिटे?’ हा प्रश्न येतो. त्याला नेमके उत्तर नाही, कारण शिट्टी हे वेळेचे माप नव्हेच. पहिल्या शिट्टीआधी भांडे तापण्यात सहा-आठ मिनिटे जातात; पुढच्या शिट्ट्यांमधले अंतर आचेवर, पाण्यावर, भांड्याच्या आकारावर आणि रबर किती जुने यावर ठरते. भांडे एकदा तापले की मोठ्या आचेवरच्या चार शिट्ट्या पाच मिनिटांत उरकतात, मंद आचेवरच्या चारांना वीस मिनिटे लागतात. शिट्ट्यांना तीनाने गुणावे असा एक हिशेब सांगितला जातो. तो तुरीच्या डाळीला बरा लागू पडतो, तांदळाला अजिबात नाही. पदार्थागणिक मिनिटे नव्याने ठरवणे अधिक सुरक्षित.

पाणी आणि डाळी : शहराच्या नळाचे पाणी मुख्यतः पेंच व कन्हान येथून येते, पण अनेक वस्त्यांत घरची विहीर किंवा बोअरही वापरात आहे. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात आणि दाणा फुटत नाही. दाब कमी असलेल्या विजेच्या कुकरात हा दोष अधिक जाणवतो. चणे भिजवताना पाण्यात मीठ किंवा चिमूटभर सोडा घातला तर दाणा लवकर मऊ होतो. चिंच-आमसूल मात्र शिजल्यानंतरच, कारण आंबटपणाही डाळ आखडवतो.

पूर्व विदर्भात खाल्ल्या जाणाऱ्या लाखोळीच्या डाळीचा येथे वेगळा उल्लेख करावा लागतो. तिच्यातल्या विषारी अमिनो आम्लामुळे, मुख्य अन्न म्हणून ती दीर्घकाळ खाल्ल्यास पायांचा लकवा येतो, म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. जुन्या रीतीत ही डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून देत. विषाचा बराच अंश त्या पाण्यातून जाई. बंद कुकरात पाणी फेकण्याचा टप्पाच नसतो. डाळ आधी भिजवून ते पाणी टाकून, एकदा उघड्या गंजात उकळून, गाळून मगच ती कुकरात घालावी.

राजम्याबाबत उलट प्रकार आहे. दाबाखाली त्याचे विष सहज नष्ट होते. पण याच यंत्रावरील ‘मंद शिजवा’ या कळीवर तापमान पुरेसे चढत नाही. राजम्यासाठी ती कळ वापरू नये.

पदार्थ : वरण-भात हा या यंत्राचा सर्वांत निर्धोक उपयोग. एक वाटी तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग व तेलाचे चार थेंब घालून तळाच्या भांड्यात. तिवईवर डब्यात तांदूळ. दाबावर दहा मिनिटे आणि पुढची दहा मिनिटे नुसते बसू देणे. तांदूळ बहुधा ‘एचएमटी’ असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीने तयार केलेला हा वाण तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. दहा मिनिटांत तो डब्यात आसट होतो. मोकळा भात हवा असेल तर एकट्यालाच सव्वापट पाण्यात पाच मिनिटे द्यावी. गोळाभातालाही हीच रीत चालते : हरभऱ्याच्या भरड डाळीचे, तिखट-मीठ व तेलाचे मोहन घातलेले गोळे भिजल्या तांदळावर अलगद ठेवायचे आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. झडप एकदम उघडली तर गोळे फुटतात. वडाभातासाठी मात्र कुकराचे काम भातापुरतेच, वडे कढईतच.

तर्रीपोह्यांची तर्री म्हणजे काळ्या चण्यांचा लाल, तेलाचा तवंग असलेला रस्सा. रात्रभर भिजलेले चणे दाबावर पंधरा ते अठरा मिनिटांत दाणा अख्खा राहून मऊ होतात. तर्रीचा मसाला त्याच भांड्यात परतण्याची सोय असली, तरी ती जपून वापरावी. वाटलेला कांदा-खोबऱ्याचा मसाला तळाला धरतो, उष्णता ओळखणारे बटण तापते आणि यंत्र ‘जळले’ असा इशारा देऊन थांबते. परतून झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने तळ खरवडला की हा त्रास होत नाही. तवंग येण्यासाठी मसाल्यातले पाणी आटून तेल सुटावे लागते आणि बंद भांड्यात काही आटत नाही. म्हणून तर्री शेवटी झाकण काढून उकळावीच लागते. डाळकांद्याला हेच लागू : हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून दाबावर पाच मिनिटे पुरतात, सातव्या मिनिटाला तिचे वरण होते.

सावजी मटणाबद्दल मते तीव्र आहेत. ही पाककृती नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. ‘सावजी’ हे नाव ‘सावकार’ वा ‘साहूजी’ यांवरून आले, ही व्युत्पत्ती सांगितली जाते, पण ती नंतर जुळवलेली असण्याचा संभव आहे. जाणकारांचा आक्षेप शिजण्यावर नाही, बकऱ्याचे हाडासह मटण पंचवीस मिनिटांत व्यवस्थित शिजते. आक्षेप रश्श्यावर आहे. खसखस, जवस, दगडफूल घालून भाजून वाटलेला मसाला मंद आचेवर तासभर परतला जातो तेव्हा त्याचा रंग काळपट होतो, आणि ते काम विजेच्या कुकराच्या आवाक्यातले नाही. मसाला वेगळा कढईत, मटण कुकरात आणि शेवटची उकळी एकत्र, ही तडजोड बऱ्याच घरांत चालते.

भरताची वांगी यात करू नयेत. ती मऊ होतात, भाजली जात नाहीत. भाकरी, पानगे-रोडगे यांचा तर प्रश्नच येत नाही.

वीज व देखभाल : सहा लिटरच्या यंत्राला साधारण १००० वॅट लागतात. दोन लिटर पाणी ३० अंशांवरून ११७ अंशांवर नेण्यास सुमारे ०.२ युनिट खर्च होते आणि दाब आल्यावर वीज अधूनमधूनच ओढली जाते. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की, ओट्यापाशी उभे न राहता वरण होते, हा मुद्दा हिशेबात मांडता येत नाही. पण घरोघरी पहिल्यांदा तोच सांगतात. लाईट गेली तर घाबरून झाकणाशी झटू नये. आतली खिट्टी खाली बसेपर्यंत ते उघडत नाही. डाळी-कडधान्ये भांड्याच्या निम्म्यावर भरू नयेत, फेस झडपेत अडकतो. परदेशातून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र येथील २३० व्होल्टवर थेट लावल्यास ते जवळजवळ पावणेचारपट वीज ओढून जळते. त्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर यंत्राइतकाच जड आणि बऱ्यापैकी महाग असतो.

झाकणाची सिलिकॉनची रिंग वास धरते, आणि सावजी मसाल्याचा वास तर आठवडाभर जात नाही. ज्या घरांत मटणाची भांडी वेगळी असतात तिथे रिंगही दोन ठेवतात. नैवेद्याच्या भाताची बहुधा पांढरी, दुसरी लाल.