हिस्पानो-मोरेस्क मृत्पात्री

मध्ययुगीन स्पेनमधील मुस्लिम कुंभारांनी आणि त्यांच्या वारसदारांनी घडवलेली, दुधाळ पांढऱ्या झिलईवर सोनेरी ते तांबूस झळाळी असलेली मातीची भांडी. या झळाळीत सोन्याचा कणही नसतो; ती चांदी, तांबे आणि धूर यांतून निघते. भांड्यांवर असे रंगकाम नवव्या शतकात इराकमध्ये सुरू झाले. पुढे इजिप्त, सीरिया व इराणातही ते रुजले आणि तेराव्या शतकात दक्षिण स्पेनमधील मालागा येथे त्याचे मोठे केंद्र उभे राहिले.

भांडे तीनदा भाजावे लागे. पहिल्या भाजणीत माती पक्की होई. मग शिसे व कथील यांच्या पांढऱ्या अपारदर्शक झिलईचा लेप देऊन, निळी नक्षी हवी असल्यास ती कोबाल्टने रेखून, दुसरी भाजणी होई. तिसरी भाजणी सर्वांत नाजूक. राजा दुसरा फिलिप याच्या लवाजम्यातील एन्रिके कॉक याने १५८५ मध्ये आरागॉनमधील मुएल गावची रीत टिपून ठेवली: चांदीची पूड, हिंगूळ, गेरू आदी जिन्नस कडक सिरक्यात कालवायचे आणि पिसाने भांड्यावर नक्षी काढायची. या वेळी आच सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे झिलई वितळणार नाही इतपतच ठेवत आणि हवा कोंडून भट्टीत धूर करत. प्राणवायू कमी पडला की चांदी व तांबे धातुरूपात येतात आणि त्यांच्या अतिसूक्ष्म कणांचा थर झिलईच्या वरच्या अंगात बसतो. भट्टीतून निघालेले भांडे मळकट, गेरूने माखलेले असे. रंग उठला आहे की सगळी मेहनत वाया गेली आहे, हे ते घासल्यावरच कळे.

मालागाची भांडी दूरदेशी जातात, अशी नोंद चौदाव्या शतकात इब्न बतूताने केली आहे. ‘अल्हाम्ब्रा कलश’ म्हणून ओळखले जाणारे, पंखांसारख्या कानांचे भव्य रांजण ही त्या काळातली सर्वोच्च निर्मिती. त्यांतला एक चित्रकार मारियानो फोर्तुनी याने १८७१ मध्ये ग्रानादाजवळील सालार गावच्या चर्चमधून विकत घेतला. आता तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

चौदाव्या शतकात हा व्यवसाय व्हॅलेन्सियाजवळील मानिसेस येथे बहरला. गाव ख्रिस्ती बुइल घराण्याचे, कारागीर मुस्लिम. मातीतून इतके उत्तम काम कसे होते याचे पोप आणि राजेरजवाड्यांनाही नवल वाटते, असे फ्रान्सेस्क एशिमेनिस या संन्याशाने लिहिले आहे. इटलीतील श्रीमंत घराणी आपापली कुलचिन्हे घालून ताटे मागवत. हुगो व्हान डर गूसच्या पोर्तिनारी वेदीचित्रात फुले ठेवलेले औषधी भांडे याच घडणीचे आहे. १६०९ पासून मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना व त्यांच्या वंशजांना, देशाबाहेर घालवण्यात आले आणि कसबी हात गेले. काम थांबले नाही, पण नक्षी ढोबळ आणि झळाळी भडक तांबडी झाली.

एकोणिसाव्या शतकात संग्राहकांचे लक्ष पुन्हा इकडे वळले. बॅरन शार्ल दाव्हिलिए याने १८६१ मध्ये या भांड्यांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक डुकेन गॉडमन याने मोठा संग्रह केला, जो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या ओढीचे खरे कारण छायाचित्रात सापडत नाही. ताट हातात घेऊन खिडकीपाशी तिरके केले की फिकट पिवळसर दिसणारी पाने क्षणात सोनेरी होतात आणि थोडे आणखी कलते केल्यास जांभळी वा निळसर झाक मारतात. शिवाय मागची बाजू. जेवणाऱ्याला कधीच न दिसणाऱ्या त्या बाजूवरही मानिसेसच्या चांगल्या ताटांत वेलबुट्टी, कधी अख्खा गरुड मोकळ्या हाताने रेखलेला असतो आणि पुष्कळदा तो दर्शनी नक्षीपेक्षा जास्त जिवंत वाटतो. त्यामुळे जाणकार ताट आधी पालथे करतो.

पारखही तिथेच होते. भट्टीत भांडी एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या आधाराचे डाग, झिलईतले टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, वापराने विरलेली झळाळी या गोष्टी नकलेत बेमालूम उतरत नाहीत. काठाला पाडलेली भोके भिंतीवर टांगण्यासाठी असत, तो दोष मानत नाहीत. फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तम प्रतिकृती काढल्या. त्यांनाही आज स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. पंधराव्या शतकातील कुलचिन्हांची ताटे बहुतेक संग्रहालयांत गेली असली, तरी नंतरच्या काळातील पक्षी आणि फुलांच्या तांबूस बशा अजून लिलावांत येतात. नव्या संग्राहकाने तिथूनच सुरुवात करावी.