उद्या पाऊस 'आला'!

'समजा, उद्या पाऊस आला...' हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. दिवस उद्याचा आणि क्रियापद मात्र 'आला'! तरीही ते कुणाच्या कानाला खटकत नाही. मला ही भाषेतली फार सुंदर गोष्ट वाटते. इंग्रजीत आपल्या 'समजा'चं काम 'सपोज' हा शब्द करतो आणि त्याच्या मागोमागही भूतकाळी रूप येऊ शकतं.

मात्र दोन्हींची तऱ्हा वेगळी आहे. इंग्रजीत 'सपोज इट रेन्स टुमॉरो' म्हटलं, तर पाऊस येईलही, नाहीही. 'रेन्स'च्या जागी 'रेन्ड' घातलं की बोलणाऱ्याला त्याची फारशी शक्यता वाटत नाही, हे कळतं. म्हणजे इथे भूतकाळी रूप काळ दाखवत नाही. ते वास्तवापासूनचं अंतर दाखवतं. मराठी 'आला'त असा भेद नाही. आपण तो प्रसंग घडून पुरा झालाय असं धरतो आणि मग पुढे काय होईल ते बघतो. जे घडलंच नाही त्यासाठी आपल्याकडे वेगळी सोय आहे : 'पाऊस आला असता तर...' त्या एका 'असता'त पाऊस आला नाही, हेही सांगून होतं.

'सपोज'चं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ 'खाली ठेवणे'. ग्रीक 'हायपोथेसिस'चा शब्दशः अर्थही तोच. पायाखाली एक दगड ठेवायचा आणि त्यावर उभं राहून पाहायचं. तो दगड खरा आहे असं मानण्याची सक्ती नाही. 'अझ्यूम'मध्ये मात्र एखादी गोष्ट खरी धरून पुढे जाणं येतं. आपलं 'गृहीत धरणं' त्याच्या जवळचं. ('आय सपोज' म्हटलं की अर्थ बदलतो : 'असेल बहुतेक'. आणि 'सपोज्ड टू' म्हणजे जे व्हावं अशी अपेक्षा आहे ते.)

विज्ञानात या 'समजा'ची खरी ताकद पाहायची, तर गॅलिलिओकडे जावं. १६३८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात एक युक्तिवाद आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते. गॅलिलिओ हे खोडायला धावत नाही, आधी ते मान्य करतो. समजा, हे खरं आहे. आता एक मोठा दगड आणि एक लहान दगड एकत्र बांधले. लहान दगड हळू पडणारा, म्हणून तो मोठ्याला मागे ओढेल. जोडी एकट्या मोठ्या दगडापेक्षा हळू पडेल. पण दोघांचं मिळून वजन मोठ्यापेक्षा जास्त, म्हणून जोडी त्याच्यापेक्षा वेगाने पडायला हवी. तीच जोडी, तोच क्षण, आणि ती हळूही पडतेय, वेगानेही!

या युक्तिवादापुरता त्याला मनोरा चढावा लागला नाही की घड्याळ लावावं लागलं नाही. भूमितीच्या वर्गात अप्रत्यक्ष सिद्धता शिकताना आपण सगळ्यांनी हेच केलेलं असतं : जे खोटं ठरवायचं तेच खरं मानून सुरुवात. विसंगती हाती आली की चूक मधल्या पायऱ्यांत शोधायची. तिथे ती सापडली नाही, तर अगदी तळाशी ठेवलेला तो पहिला दगडच काढून टाकावा लागतो.